गजभियेंच्या माठातली झील

आमचे शेजारी यादवराव गजभिये कोणाच्याही घरी गेले, की उंबरठ्याच्या आत पाऊल टाकल्याबरोबर एक टाळी वाजवतात. एकच, पण अशी कडक की कोपऱ्यातलं मांजर बिऱ्हाड बदलतं. मग मान तिरपी करून, डोळे मिटून, ती टाळी कुठेकुठे हिंडून परत येते ते ऐकतात आणि त्यानंतर नमस्कार करतात. तोपर्यंत यजमानाचा चहा घशात अडकलेला असतो. गजभिये त्याला धीर देतात, "गाद्या उन्हात टाकल्या काय? घर लई बोलून राहिलं आज."

प्रसंग कोणताही असो, टाळी चुकत नाही. गल्लीतल्या एका बुजुर्गाच्या शोकसभेत मौन चालू असताना हे आत शिरले. टाळी ऐकून सगळ्यांना वाटलं मौन संपलं, आणि सगळे एकदम बसले. पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनी नंतर त्यांचे आभार मानले. गुडघे गेले होते बिचाऱ्यांचे. माझ्या भाचीच्या लग्नाची बोलणी आमच्याच बैठकीत अडून बसली होती, तेव्हाही गजभिये आले, टाळी वाजली, आणि मुलाच्या वडिलांना वाटलं आमच्याकडे पक्कं झालं म्हणजे असंच करतात. त्यांनी उठून माझ्या तोंडात पेढा कोंबला. भाचीचा संसार उत्तम चालला आहे. खोटं वाटत असेल तर तिला विचारा.

गजभिये सिंचाई म्हणजे पाटबंधारे विभागात बडे बाबू, हेडक्लार्क. नाव यादव असल्यामुळे आमच्या दूधवाल्याला, त्याचं आडनावच यादव, ते आपल्यातलेच वाटतात, आणि तो त्यांना पाणी न घातलेलं दूध देतो. "अरे बाबा, यादव हे माझं नाव आहे, मी गजभिये आहे," असं त्यांनी त्याला अनेकदा समजावलं. दूधवाल्याला तो त्यांचा विनय वाटला. तेव्हापासून मलईही येते.

मी शाळेत संस्कृत शिकवायचो. आमचे पूर्वज मराठ्यांच्या फौजेबरोबर जमाखर्च लिहायला म्हणून जबलपूरला आले. फौज परत गेली, जमाखर्च जुळेना, म्हणून पूर्वज इथेच राहिले. एवढ्या पिढ्या हिंदीच्या समुद्रात राहूनही आमच्या घरातलं मराठी व्याकरण कोरडं ठेवण्याचं काम माझ्याकडे आहे. चेरीताल या आमच्या मोहल्ल्यात हे काम करणं म्हणजे पावसात पापड वाळवणं. गजभियेंच्या घराची मागची ओसरी आणि आमचं मागचं अंगण यांच्यामध्ये एक बुटकी भिंत आणि हातभर गल्ली. त्यामुळे त्यांच्याकडचं सगळं मराठी आधी माझ्या कानावर आदळतं.

आणि त्यांच्याकडचं सगळं संगीतही. गजभियेंचा स्टिरिओ म्हणजे एक अँप्लिफायर, एक टेपडेक आणि बैठकीच्या समोरच्या भिंतीशी उभ्या असलेल्या दोन पेट्या. पेट्या त्यांनी स्वतः बनवलेल्या, जुन्या दारांच्या सागवानाच्या, आणि एवढ्या जड की घर बदलताना आधी पेट्या ठेवल्या आणि मग त्यांच्याभोवती घर लावलं. कुसुमवहिनी, म्हणजे त्यांच्या मंडळी, त्या पेट्यांवर लोणच्याच्या बरण्या ठेवतात. खर्ज लागला की बरण्या हलतात आणि लोणचं निम्म्या दिवसांत मुरतं. मी खाल्लेलं आहे. दुसऱ्या घासाला ठेका सापडतो.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना बाजूच्या तिवारीजींनी दिल्लीहून नवीन सेट आणला. तिवारीजी निवृत्त ठेकेदार. त्यांना कोणतीही गोष्ट नगावर मोजायची सवय. "स्पीकर देखिए, आगे भी, पीछे भी, बीच में भी," असं म्हणत त्यांनी सगळ्या गल्लीला बोलावलं आणि एका सिनेमातलं हेलिकॉप्टर आमच्या पाठीमागून काढून डोक्यावरून समोर नेलं. त्यांच्या सौभाग्यवतींनी डोक्यावर पदर घेतला. मी वाकलो. गजभिये मात्र हेलिकॉप्टर उतरेपर्यंत थांबले, उठून एक टाळी वाजवली, ऐकली आणि म्हणाले, "बढ़िया है. पण समोरचा अन् मागचा, यांची आपसात ओळख नाही."

घरी परत येताना मला म्हणाले, "सर, मले झील पाहिजे."

झील म्हणजे काय ते मराठी माणसाला सांगायला नको. पुढे म्हणणारा एक असतो, मागे उभे राहून पालुपद उचलणारे चार. पुढचा थकला तरी मागचे गाणं पडू देत नाहीत. तिवारीजींना मात्र हे सांगायला हवं होतं आणि ते कोणी सांगितलं नाही. हिंदीत झील म्हणजे तलाव. गजभियेंनी दुसऱ्या दिवशी त्यांना फाटकाशी गाठून सांगितलं, "तिवारीजी, मैं भी घर में झील ला रहा हूँ." तिवारीजी दोन दिवस अस्वस्थ होते. मग माझ्याकडे आले. "मास्साब, ये आदमी आँगन में तालाब खोदेगा तो सीलन मेरी दीवार में आएगी."

भिंतीला ओल येणार नाही अशी मी समजूत घातली तेव्हा त्यांचा जीव भिंतीतून भांड्यात पडला आणि लगेच जीभ सुटली. गजभियेंच्या बैठकीत जाऊन ते सागवानी पेट्यांवर हात फिरवत म्हणाले, "इस कबाड़ से पीछे की आवाज़ नहीं निकलेगी भैया. नया सेट ले लो."

"नया काहून?" गजभिये म्हणाले. "जो है उसीमें से निकलेगी."

"और नहीं निकली तो?"

"जयंतीपर्यंत झील नाही आली त दोन्ही पेट्या तुमच्या. गेहूँ भर लेना."

तिवारीजींचा त्या सागवानावर पूर्वीपासून डोळा होता. त्यांनी तिथल्या तिथे पेटीची उंची वितीनं मोजली. आतून कुसुमवहिनींनी विचारलं, "अन् माझ्या बरण्या?" त्यावर गजभियेंनी त्यांचं नेहमीचं वाक्य टाकलं, "प्रकरण विचाराधीन आहे."

जयंती म्हणजे एप्रिलातली, बाबासाहेबांची. तोवर बराच अवधी होता. तो त्यांनी कसा घालवला हे सांगायला पोवाडाच हवा, पण मी गद्यात भागवतो.

आधी त्यांनी जबलपूरच्याच गढा भागातल्या कुंभाराकडून दोन मोठे माठ आणले आणि त्यांच्या तोंडात छोटे स्पीकर बसवले. माठच का, असं मी विचारलं. "आवाज थंडा येतो," म्हणाले. माठ त्यांनी टांगले ते मात्र बैठकीत नाही. बैठक ओलांडून, दार ओलांडून, मागच्या ओसरीच्या अगदी शेवटच्या दोन खांबांना. बैठकीत खुर्चीवर बसणाऱ्याला तिथून काय ऐकू येणार, असं तिवारीजींनीही विचारलं, मीही विचारलं. "बैठक तिकडेच आहे," एवढंच उत्तर मिळालं. ओसरीत होती एक बाज, आणि बाजेवर बैठकीकडे तोंड करून लसूण सोलत बसलेल्या गजभियेंच्या मातोश्री. त्यांना आमच्या बोलण्याशी काही घेणंदेणं नसायचं. गल्ली त्यांना अम्मा म्हणते. त्या कोणालाच काही म्हणत नाहीत.

पहिल्या खेपेला माठ सरळ पेट्यांच्या जोडीला जोडले. समोर जे वाजे तेच मागे वाजे. गजभियेंनी मान हलवली. "समोरचा जे बोलला तेच मागचा बोलून राहिला त त्याले झील नाही म्हणत सर. आमच्या ऑफिसात त्याले चमचा म्हणतात."

मग त्यांना वाटलं, मागचा आवाज जरा उशिरा यायला पाहिजे. त्यासाठी त्यांनी बागेला पाणी घालायचा लांबलचक रबरी पाइप आणला, एका टोकाला स्पीकर बांधला, पाइपाची वेटोळी अंगणभर पसरली आणि दुसरं टोक ओसरीत सोडलं. आवाज एवढा हिंडून यायचा म्हणजे थकून उशिरा येईल, असा हिशेब. हिशेब चोख होता, पण पाइपात पाणी राहिलं होतं. गाणारी बाई कडव्याकडव्याला गुळण्या करू लागली. पाणी झटकून पुन्हा लावलं, तर नेमका दूधवाला आला आणि पाइपावर पाय देऊन उभा राहिला. गाणं बंद. त्यानं पाय उचलला. गाणं सुरू. दूधवाल्यानं दुधाची किटली खाली ठेवून हात जोडले, आणि त्या आठवड्यात आम्हालाही निर्भेळ दूध आलं.

या सगळ्या दिवसांत आमच्या कानांवर एकच प्रश्न आदळत असे. गजभिये बैठकीत अँप्लिफायरपाशी बसून काहीतरी फिरवायचे आणि मागच्या दिशेला तोंड करून ओरडायचे,

"आवाज आई?"

मागच्या गल्लीतले लोक मदतीला तत्पर. स्वयंपाकघराच्या खिडक्यांतून, गच्चीवरून, न्हाणीघरातूनसुद्धा उत्तरं यायची. "आ गई भैया, आ गई." "इधर नहीं आई." "आई थी, चली गई." एकदा पलीकडच्या रस्त्यावरून जाणारा सायकलवाला थांबून "आ रही है, आ रही है" म्हणाला आणि पुढे गेला. गजभिये कोणाच्याच उत्तरानं खूश होत नसत. थोडा वेळ थांबायचे, आणि पुन्हा तारा काढायला लागायचे.

मला मात्र त्या प्रश्नानं अन्न गोड लागेना. एक दिवस मी भिंतीवरून बोललोच, "गजभिये, हिंदीत आवाज स्त्रीलिंगी आहे. मराठीत तो पुल्लिंगी. आवाज आला का, असं विचारा. आवाज आई काय? तुम्ही गढ्यात वाढलेले, वऱ्हाडी मायबोलीचे, तुमच्या तोंडी हे शोभत नाही."

त्यांनी आधी माझ्याकडे, मग बाजेकडे पाहिलं. "असन सर," म्हणाले. आणि आत जाऊन ओरडले, "आवाज आई?"

वर्गातली पोरंदेखील इतकी निगरगट्ट नसतात. मी ते प्रकरण सोडून दिलं.

जयंती तोंडावर आली. तिवारीजींनी गव्हाची पोती कुठून घ्यायची त्याची चौकशी सुरू केली, आणि एका संध्याकाळी पेट्यांना लावायला कडीकोयंडाही घेऊन आले. गजभियेंच्या तोंडचं "विचाराधीन आहे" हे वाक्य बारीक होत चाललं. त्यांनी टाळ्या वाजवणं कमी केलं. आमच्या घरी आले आणि टाळी न वाजवता सरळ नमस्कार केला, तेव्हा आमची ही घाबरली. "भाऊजींना ताप आहे का हो?" तिनं विचारलं, आणि दुसऱ्या दिवशी भिंतीशी कुसुमवहिनींना गाठलं.

"ताप कायचा वहिनी," कुसुमवहिनी म्हणाल्या. "बाईंच्या मागं लागले आहेत ते."

बाई म्हणजे सासूबाई, लसूण सोलणाऱ्या. ही मंडळी गढ्याला राहायची तेव्हा जयंतीचं गाणं म्हणजे बाईंचं गाणं. मांडवात शिरल्या की बाई आधी एक टाळी वाजवायच्या, मांडव किती आवाज पितो ते पाहायला, आणि मग सुरू करायच्या. मागे वस्तीतल्या बाया झील धरायच्या. भोंगा नसला तरी बाजारापर्यंत ऐकू जायचं. मग कोणी गेल्या, कोणी लेकाकडे नागपूरला गेल्या, कोणाचे दात गेले आणि शब्द फुटेनात. इकडे चेरीतालला घर केलं आणि बाईंनी गाणं ठेवून दिलं. लेकानं किती विनवण्या केल्या. दर वेळी एकच उत्तर, "झील कोण धरन?" गाणं बंद झालं तसं हळूहळू बोलणंही आटलं.

"यांचं म्हणणं, यंदा जयंतीला बाईंनी म्हटलंच पाहिजे," कुसुमवहिनी म्हणाल्या. "नाही म्हटलं त पुढं कधी म्हणणार नाहीत, असं यांच्या मनानं घेतलं आहे. पेट्या गेल्या त गेल्या हो. मी बरण्या खाटेखाली ठेवीन."

हे ऐकल्यावर ओसरीच्या शेवटच्या खांबांना टांगलेले माठ मला पहिल्यांदा दिसले. दिसत होते रोजच. कोणाच्या पाठीशी आहेत ते आता दिसलं.

जयंतीच्या आदल्या दिवशी दुपारी मी मुद्दाम त्यांच्याकडे गेलो. ऊन असं की माठ नुसते टांगलेले असूनही घामेजले होते. तिवारीजी आधीच येऊन खुर्चीत बसले होते, मांडीवर कडीकोयंडा. मातोश्री बाजेवर लसूण घेऊन. गजभिये ओसरीत शिडीवर उभे राहून माठांच्या तारा नव्यानं बांधत होते. त्या तारा बैठकीत अँप्लिफायरपर्यंत आणून टाकल्या होत्या आणि जोडायच्या बाकी होत्या. रिकामा बसलेला माणूस पाहिला की बडे बाबूंच्या अंगाला खाज सुटते. शिडीवरूनच त्यांनी फर्मावलं, "तिवारीजी, बैठे हैं तो तार लगा दीजिए. मशीन के पीछे, पेटियों के तारों के बाजू में, ऊपर लाल खोबणी है, नीचे काली. लाल तार लाल में."

"और काली?"

गजभियेंच्या तोंडात दोरी होती. ती दातांत धरून ते पुटपुटले, "काळी खाली."

"काली खाली?"

"हाँ हाँ, काळी खाली."

आता मराठीत खाली म्हणजे खालच्या बाजूला. हिंदीत खाली म्हणजे रिकामी. तिवारीजी ठेकेदार; सांगितल्या कामात त्यांनी आयुष्यात कधी स्वतःची भर घातली नाही. त्यांनी दोन्ही माठांच्या लाल तारा दोन बाजूंच्या लाल खोबणींत घातल्या, आणि काळ्या खोबणी ठेवल्या रिकाम्या. उरल्या दोन काळ्या तारा. मोकळ्या लोंबल्या तर कोणाला झटका बसेल, म्हणून त्यांनी त्या एकमेकींना पिळल्या आणि वर चिकटपट्टी लावली. जबाबदार माणूस.

गजभियेंनी शिडीवरून उतरून कॅसेट लावली. नागपूरहून आणलेली जयंतीच्या गाण्यांची कॅसेट, गाणी मातोश्री गढ्याच्या मांडवात म्हणायच्या तीच. त्यात एक बाई म्हणते आणि मागे बायांचा ताफा. समोरच्या पेट्या नेहमीसारख्या गाऊ लागल्या. गजभिये ओसरीकडे वळले, आणि दारातच थांबले.

माठांतून गाणारी बाई येत नव्हती. ती गायब झाली होती. शब्द नाहीत, कडवं नाही. नुसता दुरून आल्यासारखा ढोलकीचा घुमारा. तिवारीजींनी कान लावला आणि समाधानानं म्हणाले, "गई. गाने वाली ही गई. मुबारक हो." कडीकोयंडा घेऊन उठलेसुद्धा. तेवढ्यात समोरचं कडवं संपलं, आणि माठांतून बाया उठल्या.

कशा उठल्या ते माझ्या संस्कृतात बसत नाही. एक उजवीकडून, एक डावीकडून, दोघी कुठून तरी मधूनच, मातीचा गारवा घेतलेले आवाज. माझ्या अंगावर काटा आला आणि तो तिवारीजींच्या अंगावर गेलेला मी पाहिला. गजभियेंनी धावत जाऊन मशीनच्या मागे डोकं घातलं, रिकाम्या काळ्या खोबणी पाहिल्या, पिळलेल्या तारा पाहिल्या, आणि तिथल्या तिथे जमिनीवर बसले.

"तिवारीजी, हे काय केलं तुम्ही?"

"आपने कहा काली खाली. मैंने खाली छोड़ दी."

गजभिये हसायला लागले ते थांबेनात. मग डोळे पुसून त्यांनी आम्हाला जे समजावलं ते मला समजलं तेवढं सांगतो. गाणारी बाई मधोमध उभी, म्हणून डाव्या पेटीत आणि उजव्या पेटीत तिचा आवाज तंतोतंत सारखा. झीलवाल्या कोणी डावीकडे, कोणी उजवीकडे, म्हणून त्यांचा आवाज दोन पेट्यांत वेगवेगळा. आता माठ दोन लाल तारांच्या मधे अडकले. दोन्हीकडून सारखं येतं ते एकमेकाला कापतं, आणि जेवढं वेगळं तेवढंच माठात उतरतं. "ऑफिसात कसं," ते म्हणाले, "दोन बाबूंनी एकसारखी टीप लिहिली की फाइल हलत नाही. भांडण पाहिजे." आणि मग हात झटकून, "प्रकरण निकाली."

पुढे या शोधाची कीर्ती कुठवर गेली ते गढ्यात कोणालाही विचारा. दुसऱ्या दिवशी हे माठ जयंतीच्या मांडवात टांगले गेले. तिवारीजी मिरवणुकीत एक माठ डोक्यावर घेऊन चालले आणि भेटेल त्याला "काली खाली, ये मेरा फ़ॉर्मूला है" असं सांगत राहिले. मांडवात आवाज असा भरला की पलीकडे सराफ्यातल्या तराजूंची पारडी हलली, आणि एका सोनाराला दुकान मिटून गाणं ऐकायला यावं लागलं. ज्या बायांचे दात गेले होते त्या तोंड दाबत आल्या आणि तोंड उघडून गेल्या. तिवारीजींच्या दिल्लीच्या सेटमागेही आता माठ आहेत, आणि हेलिकॉप्टर जरा ओलसर उतरतं. हे सगळं खरं आहे, आणि यातलं जे तुम्हाला खोटं वाटेल ते जास्त खरं आहे.

पण मला सांगायचं आहे ते आदल्या दुपारचं, ते अजून राहिलं आहे.

गजभिये हसत होते, तिवारीजी स्वतःवर खूश होत होते, आणि कॅसेट चालूच होती. माठांतून दुसऱ्यांदा झील उठली. मातोश्रींचे लसणावरचे हात थांबले. त्यांनी मान वळवून मागे पाहिलं. कोण आलं ते पाहावं तसं पाहिलं. मग पुन्हा समोर तोंड केलं. समोर पेट्यांमधली बाई जोरात कडवं म्हणत होती. मातोश्रींनी पाकळी उचलली आणि सोलायला लागल्या.

गजभियेंनी हे पाहिलं. ते हसायचे थांबले. उठले, अँप्लिफायरपाशी गेले, आणि त्यांनी समोरच्या त्या सागवानी पेट्यांच्या, ज्यांच्याभोवती घर लावलं होतं त्या पेट्यांच्या, तारा उपसून काढल्या.

बरण्या थरथरायच्या थांबल्या. पेट्या मुक्या झाल्या. तिवारीजी हबकले. "अरे, अब सामने वाली भी गई?"

"जाऊ द्या," गजभिये हळू आवाजात म्हणाले. "जगह खाली है."

कॅसेट फिरत होती. आता घरात कोणीच गाणारं नव्हतं, फक्त मागे, दोन माठांत, वाट पाहणारी ढोलकी. कडव्याची जागा तशीच रिकामी गेली. मग बाया उठल्या, झील म्हटली आणि थांबल्या. कडव्याची जागा पुन्हा आली. कुसुमवहिनी पोळपाट घेऊन दारात उभ्या होत्या. तिवारीजींनी कडीकोयंडा वाजू नये म्हणून मुठीत गच्च धरला होता.

मातोश्रींनी सूप बाजूला ठेवलं. लुगड्याला हात पुसले. आणि एक टाळी वाजवली.

एकच. मान तिरपी केली, डोळे मिटले, टाळी ओसरीतून बैठकीत गेली, मुक्या पेट्यांना लागून परत आली, ती त्यांनी ऐकली. आणि मग कापऱ्या, पण सुरात पक्क्या आवाजात म्हणाल्या,

"पाटी आली, लेखणी आली, आली माझ्या दारी..."

माठांतल्या बायांनी ते जसंच्या तसं उचललं. त्यांना काय माहीत पुढे कोण बदललं ते. मातोश्रींनी दुसरी ओळ म्हटली, मग तिसरी, आणि तिसऱ्या ओळीला आवाजातला कापरेपणा लसणाच्या सालीसारखा गळून पडला. मागच्या गल्लीत खिडक्या उघडल्या. आमच्या अंगणातून आमची ही भिंतीवर हनुवटी टेकून ऐकत होती.

गजभिये मशीनपाशी नव्हते. ते ओसरीच्या दारात, चौकटीला टेकून उभे होते. कडव्याच्या मधल्या जागेत त्यांनी विचारलं. ओरडून नाही, गल्लीला ऐकू जाईल असंही नाही. अगदी बारीक, लहान मुलानं पदराशी येऊन विचारावं तसं.

"आवाज, आई?"

मी सवयीनं तोंड उघडलं होतं लिंग सुधारायला. तसंच मिटलं. त्या वाक्यात एक स्वल्पविराम होता. इतके दिवस सगळी गल्ली त्याला हिंदीत उत्तरं देत होती, मी त्याला व्याकरण शिकवत होतो, आणि तो बिचारा ज्या एका माणसाला विचारत होता ते माणूस काही बोलत नव्हतं.

गल्लीतून कोणीतरी सवयीनं म्हणालंच, "आ गई भैया."

मातोश्रींनी डोळे उघडले नाहीत. हाताचा ठेका मोडू न देता म्हणाल्या,

"आला रे, आला. आता गुमान झील धर."

गजभियेंनी झील धरली. सुरात ते अगदीच कच्चे आहेत. पण मातोश्रींचं व्याकरण शुद्ध होतं.